अक्कांचं उलटं पुस्तक

इंदूअक्कांच्या हाती छापील कागद लागला की तो समोरच्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवायचा, असा आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात अलिखित कायदा आहे. कागद कसलाही चालतो. लाइटबिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, पापडाच्या पिशवीवरची जाहिरात. समोरचा माणूसही कुणीही चालतो. दूधवाला भाऊ तर त्यांच्या दारात कॅन ठेवतानाच खाकरून घसा साफ करतो.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तो संस्थेच्या कामासाठी. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना हातभार लावणारी आमची छोटीशी संस्था आहे. गरिबाच्या पोराला शहरातल्या पोराइतकंच चांगलं शिकायला मिळावं, आणि गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी लहानांना शिकवता शिकवता स्वतःही धीट व्हावं, एवढंच आमचं काम. हे मी आता एका वाक्यात सांगितलं. तेव्हा मला अर्धा तास लागायचा आणि त्यात 'क्षमतावर्धन' हा शब्द इतक्यांदा यायचा की मला स्वतःलाच दम लागायचा. अक्का निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आमच्याबरोबर शाळांवर यावं अशी विनंती करायला मी गेलो होतो.

मी दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात अक्कांनी शेवेची रिकामी पुडी माझ्यापुढे धरली.

"वाच."

मी समाजकार्यात एम. ए. केलेला माणूस. पण मास्तरणीचा तो आवाज ऐकल्यावर पदवी कुठल्या कुठे गेली. उभा राहून वाचलं, "बेसन, शेंगदाणा तेल, मिरची पावडर, हिंग, मीठ…"

"घाईत वाचलंस. स्वल्पविराम खाल्लास. पण आवाज बरा आहे," अक्का म्हणाल्या. "येते तुझ्या शाळांवर. मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचं मात्र."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं सगळी कॉलनी म्हणायची. मीही म्हणायचो. एका हळदीच्या कार्यक्रमात त्यांनी नवरदेवाच्या मामाला उभं करून पत्रिका वाचायला लावली. मामा 'आमच्या लग्नाला यायचं हं' या ओळीपर्यंत पोचला तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. एका शाळेत तर तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी पोषण आहाराचा फळा वाचायला लावला. साहेबांनी 'मटकीची उसळ'पर्यंत बिनचूक वाचलं, आणि अक्कांनी शाब्बास म्हटल्यावर साहेब खरोखर लाजले.

अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या. शांत असल्या की छापील मराठी बोलतात. चिडल्या किंवा घाबरल्या की अहिराणी सुटते. त्या घाबरतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मुलगा बंगळूरला. तो फोनवर सारखा म्हणायचा, आई, आता एकटी राहू नको, इकडे ये. अक्कांचं उत्तर ठरलेलं, "तिथे मला कोण वाचून दाखवणार? तिथल्या पुड्या कानडीत असतात."

एरंडोलच्या पुढे धुळे रस्त्यावर एक गाव आहे. तिथली शाळा आमची लाडकी. लाडकी अशासाठी की तिथल्या मुलांचे वाचनचाचणीचे गुण एका वर्षात असे वर चढले की मी त्याचा तक्ता करून संस्थेच्या भिंतीवर लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी आधी पाणी द्यायचो आणि मग तक्ता दाखवायचो. कधी कधी पाणी द्यायचं राहून जायचं.

मग निधी देणारे पाहुणे शाळा बघायला आले. शहरातल्या मॅडम, त्यांच्या गळ्यात कॅमेरा. सहावीतली भारती उभी राहिली. गावाबाहेरच्या वस्तीवरची पोर, आईबाप कापूस वेचायला जाणारे. तिने चाचणीचा उतारा असा घडाघडा वाचला की मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी अशी मान झुकवली की जणू तिच्या तोंडून मीच वाचतोय.

अक्का पहिल्या बाकाजवळ बसल्या होत्या. त्यांनी भारतीच्या हातून पुस्तक घेतलं, चाळल्यासारखं केलं, पुन्हा तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "परत वाच. हळू."

भारतीने पुस्तकाकडे पाहिलं. मग अक्कांकडे पाहिलं. आणि तोच उतारा तितक्याच घडाघडा पुन्हा म्हटला.

पुस्तक उलटं होतं. त्यातल्या चित्रातला बैल पाय वर करून उभा होता.

उतारा पाठ होता हे सगळ्यांना कळलं. आमच्या कॉलेजच्या पोरांनी, दादांची मान खाली जाऊ नये म्हणून, अख्ख्या शाळेकडून तो घोकून घेतला होता. दादा म्हणजे मी. मॅडम हळूच म्हणाल्या, "पुस्तक उलटं आहे ना?"

अक्कांनी पदर सावरला. मग ठसक्यात म्हणाल्या, "मंग? मुद्दाम उलटं दिन्हं मी!"

माझा तक्ता त्या दिवशी जमीनदोस्त झाला. पण मॅडम हुरळून गेल्या. पाठांतर पकडायचा एवढा साधा आणि एवढा पक्का उपाय त्यांनी कुठेच पाहिला नव्हता म्हणे. निधी थांबला नाही. अट एकच, चाचणी खरी घ्या. आणि मी? मी पडलो तरी नाक वर. आठवडाभरात 'उलट पुस्तक पद्धत' या नावाने सादरीकरण तयार केलं आणि जळगावपासून धुळ्यापर्यंत प्रशिक्षणं घेत हिंडलो. त्यात बाण होते, वर्तुळं होती. पुस्तक नेमकं किती अंशांत फिरवावं, हेही मी सांगायचो.

इकडे अक्कांनी भारतीला हाताशी धरलं. दर आठवड्याला पिशवीभर कागद न्यायच्या. पाठच करता येणार नाहीत असे. खताच्या गोणीवरची सूचना, एसटीचं तिकीट, कोण जाणे कुठल्या दुकानाचं बिल. "वाच," म्हणायच्या आणि डोळे मिटून ऐकत बसायच्या. एखादा शब्द कानाला खटकला तरी थांबवायच्या. मला वाटायचं, काय ही एकाग्रता! प्रशिक्षणात तेही सांगायला लागलो, मूल वाचताना डोळे मिटून ऐका.

संस्थेने माझ्या पद्धतीची छोटी पुस्तिका छापली. मागच्या पानावर अक्कांचा फोटो. ती द्यायला मी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. अक्का खुर्चीत बसून मोठ्याने चौथीचा धडा वाचत होत्या. आवाज स्वच्छ, चढउतार नेटके, पानही वेळेवर उलटत होतं. आणि हातातलं पुस्तक उलटं होतं.

मला भरून आलं. काय ही निष्ठा! बाई घरीसुद्धा पद्धतीचा सराव करतात! मी दारात उभा राहून कौतुकाने ऐकत होतो. माझ्या हुशारीचा याहून मोठा पुरावा मी तुम्हाला देऊ शकत नाही.

मग आत जाऊन पुस्तिका त्यांच्या हातात दिली. "मागच्या पानावर तुमचा फोटो आहे, अक्का."

त्यांनी ती उघडली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. म्हणाल्या, "छान आलाय रे फोटो. पातळही तेच निळं नेसले होते ना मी?"

त्या बघत होत्या ते पान कोरं होतं.

मी पुस्तिका त्यांच्या हातून घेऊन मिटली. मग मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं वर्ष-दीड वर्ष. मोतीबिंदू. दोन्हीकडे. वावरायचं दिसतं. अक्षर दिसत नाही."

"म्हणजे तो पापड, ती शेवेची पुडी…"

"मग काय, रोज कुणाला सांगू, बाबा, एवढं वाचून दे म्हणून? मास्तरीण आहे मी. हुकूम केला की लोक हसत हसत वाचतात. विनंती केली की कीव करतात."

"आणि त्या दिवशीचं पुस्तक?"

"कुठली बाजू वर हे मला कळलं असतं तर मी ते पोरीच्या हातात उलटं दिलं असतं का रे?" अक्का म्हणाल्या. "नंतर तुला सांगणार होते. पण तू तोवर पद्धत काढलीस. वर्तुळांसकट."

मला हसू आलं आणि त्याच वेळी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. मी म्हटलं, "अहो, साधं ऑपरेशन असतं. करून का टाकलं नाही?"

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "गेले होते ना. दोनदा. तिथली मुलगी विचारते, सोबत कोण आहे? सोबतीशिवाय घेत नाहीत. मी म्हटलं, आणते. आणि रिक्षा करून घरी आले."

सगळ्या जळगावात ज्यांना वाकून नमस्कार करणारे विद्यार्थी भेटतात, त्या बाईला सोबत आणायला माणूस सापडला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

"मुलाला कळवायचं होतं."

"तो धावत येईल रे. चांगलाय पोरगा. पण मग मला इथे ठेवेल का? आणि शाळेत कळलं तर आंधळ्या बाईला वर्गात कोण घेईल?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "भारतीनं वाचन आते कोठे लागी ऱ्हायनं. मी गऊ ते तिन्हं कोन ऐकी? कोनले सांगू नको, प्रमोद."

मी म्हटलं, "भारतीचं वाचन थांबणार नाही. सोबत मी येतो. आणि बंगळूरला फोन ऑपरेशन झाल्यावर करू. दिसायला लागल्यावर तुम्हीच करा."

पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. मी गावात भारतीला सांगायला गेलो, की अक्का काही दिवस येणार नाहीत, त्यांना जरा काम आहे. मी फार सफाईने सांगितलं.

"डोळान्हं आपरेशन शे का?" भारतीने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"आक्काले दिसत नई. आम्हले बठ्ठास्ले माहीत शे. पहिलापासून."

"सगळ्यांना माहीत होतं, मग बोलली का नाहीस कधी?"

"सांगं ते आक्का येई का?" ती पायाने माती उकरत म्हणाली. "त्या दिन पुस्तक मी सुलटं करं नई. सुलटं करतू ते मॅडमले समजी जातं ना."

म्हणजे त्या दिवशी भरल्या वर्गात आपली फजिती होऊ देऊन या पोरीने बाईंची लाज राखली होती. आणि मी त्याच्यावर बाण काढले होते.

"मी बी येस," भारती म्हणाली. तिला सोबत न्यायला तिच्या आईने होकार दिला.

इस्पितळातल्या मुलीने विचारलं, "सोबत कोण?" मी तोंड उघडायच्या आत भारती म्हणाली, "मी." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आणि मी तिच्यासोबत."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. अक्का खाटेवर ताठ बसल्या होत्या, काळा चष्मा लावून, एखाद्या तापट पुढाऱ्यासारख्या. खिडकीकडे बघत होत्या, पडद्याच्या फुलांकडे बघत होत्या. नर्सताईंनी सूचनांचा कागद माझ्या हातात दिला. भारतीने तो माझ्या हातून घेतला. कुणी 'वाच' म्हटलं नव्हतं.

"थेंब… दिवसातून… चार वेळा… टाकावेत." ती बोट फिरवत वाचत होती. "डोळा चोळू नये. धूळ, धूर… टाळावा. सं… संस…" ती अडली. मला सांगायचा मोह झाला, पण अक्कांनी हात वर करून मला गप्प केलं. आम्ही थांबलो. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही थांबले. "सं-सर्ग होऊ नये म्हणून… डोळ्याला पाणी लागू देऊ नये."

काळ्या चष्म्याखालून अक्कांच्या दोन्ही गालांवर पाणी वाहत होतं.

"अहो आजी, काय करता!" नर्सताई कापूस घेऊन धावल्या. मी उगाचच उठून उभा राहिलो.

अक्कांना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून भारतीने तीच ओळ पुन्हा, जरा मोठ्याने वाचली.