आधारवर्षाचा धूर

धूर सोडणाऱ्या प्रत्येक व्यवसायावर कार्बन-कर लागणार, ही बातमी गल्लीत सकाळी पोचली आणि दुपारपर्यंत विसरली गेली. इस्त्रीवाल्याने तो पेपर शर्टाखाली अंथरला. न्हाव्याने पेपरने आरसा पुसला. एका बेकरीवाल्या शेठनी मात्र ती बातमी दोनदा वाचली आणि त्या नादात भट्टीतले पाव करपले.

हे शेठ जात्याच तयारीचे. तहान लागण्याआधी विहीर खणावी हा त्यांचा बाणा. खणूनही तहान लागली नाही, तर ते खारट काहीतरी खाऊन ती लावून घेत. विजेचं बिल निघायच्या आधीच ते भरायला जात आणि खिडकीतला कारकून हात जोडून त्यांना परत पाठवी. म्हणून गल्लीने त्यांचं नाव आगाऊशेठ ठेवलं होतं. या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. ते सोयीचा अर्थ घेत.

"अहो, कर लागेल तेव्हा बघू," गल्ल्यावर बसलेली बायको म्हणाली.

"लागेल तेव्हा बघणारेच बुडतात," शेठ म्हणाले आणि त्यांनी सल्लागार बोलावला.

सल्लागार म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आधी तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, मग विमा. आता त्याच्या कार्डावर 'कार्बन-सज्जता तज्ज्ञ' असं छापलेलं होतं. त्याने भट्टीभोवती फेरी मारली, मान वर करून धुराडं पाहिलं आणि चेहरा पाडला.

"भावजी, तुमचा धूर फारच किरकोळ आहे."

लोकांनी आजवर त्यांच्या पावाला नावं ठेवली होती, बिस्किटांना ठेवली होती. धुराचा अपमान कुणी केला नव्हता.

"किरकोळ म्हणजे चांगलंच ना?"

"कसलं चांगलं? हे चालू वर्ष आधारवर्ष धरणार. पुढच्या वर्षी धूर जितका कमी कराल, तितकी करात सूट. मुळातच नाही ते कमी कुठून करणार? जाड माणूसच बारीक होऊ शकतो, भावजी."

"मग आता?"

"आधी जाड व्हा."

या युक्तिवादात शेठना खोट सापडली नाही. शोधलीही नाही, कारण तज्ज्ञाला विचारून झाल्यावर स्वतः विचार करणं त्यांना उधळपट्टी वाटे.

दुसऱ्या दिवसापासून पाव काढून झाल्यावरही भट्टी ढणढणत राहिली. आत मैद्याचा कण नाही. लाकूडवाला वाटेत दिसला की वाकून नमस्कार करू लागला. मेहुण्याने धुराड्याला मीटर बसवला आणि दोघं रोज त्याकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघू लागले. काटा फारसा हलेना, तेव्हा मेहुण्याने ओली लाकडं सुचवली. ओल्या लाकडांनी घराण्याचं नाव राखलं. गल्लीत वाळत घातलेले पांढरे कपडे राखाडी झाले आणि इस्त्रीवाला भांडायला आला.

"शेठ, काय चालवलंय हे?"

"पर्यावरणाचं काम," शेठ गंभीरपणे म्हणाले. "पुढच्या वर्षी दिसेल तुम्हाला."

"आत्ता तर तुम्हीपण दिसत नाही," असं म्हणून तो डोळे चोळत परत गेला.

मग बायकोला खोकला लागला. तिने गल्ला उचलून फुटपाथवर मांडला, तरी खोकला आतल्यासारखाच येई. एके दुपारी औषधाची बाटली हातात धरून तिने शांतपणे विचारलं, "माझ्या भावाला अक्कल नाही, हे मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. तुमचं काय?"

भट्टी विझवावी, असं शेठना त्या दिवशी प्रथमच वाटलं. पण आधारवर्ष संपत आलं होतं आणि तयारी अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिच्या घशासाठी पाणी गरम केलं. भट्टी पेटलेलीच होती.

वर्ष सरताच तपासणी अधिकारी बाई आल्या. मीटर वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"बराच मोठा उद्योग आहे तुमचा."

"छे हो, साधी बेकरी आहे. समोर आहे ना, तशीच."

"समोरची लहान वर्गात येते. लहानांना कर माफ झालाय. गेल्याच आठवड्यात आदेश निघाला."

शेठ पिठाच्या पोत्यावर बसले. "बाई, आम्हीही लहानच आहोत. तो धूर मी मुद्दाम केलाय."

"तसं लेखी देता का? विनाकारण धूर करण्याचा दंड करापेक्षा जास्त आहे."

शेठनी लेखी दिलं नाही. "पण पुढच्या वर्षी धूर कमी झाल्यावर?"

"थोडी सूट मिळेल. वर्ग तोच राहील. एकदा मोठा झालेला माणूस लहान होतो का?"

म्हणजे साऱ्या गल्लीचा खोकला सुंठीवाचून गेला आणि शेठनी तो एकट्यासाठी विकत घेतला. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली, हसताना खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. शेठही हसले. "मी गाढव आहे, हे तुला आधीच कळलं होतं," ते म्हणाले. "मला त्यासाठी मीटर बसवावा लागला."

पुढच्या वर्षी त्यांनी फक्त पाव भाजले. त्यामुळे धूर इतका घटला, की सर्वाधिक कपातीबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला. सभागृह भरलं होतं. आपणही होतो. टाळ्या वाजवता वाजवता शेजारच्याला आपण म्हणालोही, की समाजाला अशी माणसं हवीत.

मग कर भरण्यासाठी शेठनी पाव थोडा महाग केला. गिऱ्हाइकांनी कारण विचारलं, मान डोलावली, पर्यावरणाविषयी चार चांगले शब्द काढले आणि रस्ता ओलांडला. समोरच्या बेकरीवाल्याने जन्मात पेपर वाचला नव्हता. शेठची भट्टी आता एक दिवसाआड पेटते. तिच्या सुट्टीच्या दिवशी घरात पाहुणे आले, तेव्हा बायकोने शेठच्या हातात पिशवी दिली आणि ते मुकाट्याने समोरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पुढे आपण होतो. त्यांनी ओळखीचं हसून "आमच्याकडे आज कपात आहे" असं सांगितलं. आपण हातातला गरम पाव पिशवीत सरकवला आणि म्हणालो, "उन्हाळा फार वाढलाय नाही, शेठ, हल्ली?"