म्हाळू भेकराच्या छातीतलं पदक

एका जंगलात म्हाळू नावाचं भेकर राहायचं, त्याची बायको सगुणा राहायची आणि दोघांचं एक पाडस राहायचं. लेकरांनो, वाघ दिसला की भुंकायचं, हे म्हाळूचं काम. तो जंगलाचा जागल्या.

एकदा म्हाळूला खोकला लागला. भेकराचं खोकणं आणि भेकराचं भुंकणं, लांबून ऐकणाऱ्याला सारखंच. म्हाळू खोकला की सगळं जंगल पळत सुटे. दोन महिने झाले. वाघ काही दिसेना.

"दिसेल कसा? आपला म्हाळू आहे ना!" सभापती अस्वल म्हणाले आणि त्यांनी म्हाळूच्या गळ्यात पदक घातलं.

सगुणेला मात्र पदकाखालच्या बरगड्या दिसत. संध्याकाळ झाली की म्हाळूचं अंग तापे. सकाळी अंथरुणातलं गवत घामानं ओलंचिंब. ती अस्वलाकडे गेली.

"भाऊसाहेब, यांना बरं नाही. चारा जात नाही. काल थुंकीत रक्त पडलं."

"अगं, जंगलासाठी रक्त सांडतोय तो! मिरव की जरा!"

"आणि उद्या पाडस खोकायला लागलं तर?"

"मग त्यालाही पदक देऊ!"

सगुणेनं नवऱ्याला ढुशा देत तळ्याकाठच्या बगळे डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि उजेडाकडे धरला.

"हे वर बघ, बाई. काळं दिसायला हवं तिथं पांढरं दिसतंय. थुंकीतही जंतू आहेत. क्षय आहे हा. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. आणि पाडसाला घेऊन ये, त्यालाही तपासतो."

अस्वलानं तो फोटो मागवून घेतला. उलटा धरून पाहिला.

"बघा, बघा! पदक आतपर्यंत उतरलंय!"

फोटोला हार घातला. सहा जणांनी भाषणं ठोकली. गोळ्यांचं एकानंही विचारलं नाही.

सगुणेनं पाडसाला तपासून आणलं, त्याला काही झालं नव्हतं. म्हाळूला ती रोज समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावी. हळूहळू ताप गेला, बरगड्या बुजल्या, खोकला थांबला. मग जंगलाची पळापळही थांबली. अस्वल खवळले.

"जागल्या आळशी झाला! वाघ आला तरच भुंकतो म्हणे!"

त्यांनी पदक काढून घेतलं आणि म्हाळूला कामावरून घरी पाठवलं.

असं त्या घराचं भाग्य उजळलं. म्हाळू पोटभर चारा खाऊन भरदुपारी सावलीत पसरला. पाडस त्याच्या छातीला कान लावून निजलं. आत नुसतं काळीज वाजत होतं.

तात्पर्य : खोकणाऱ्याला हार घालावा, औषध देऊ नये. बरा झाला की तो सभेच्या काही कामाचा राहत नाही.