बाळारामकाकांचा फिल्टर

बाळारामकाका फिल्टर बघायला दुकानात जायचे तेव्हा घरून गाळ घेऊन जायचे. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, कापडी पिशवीत उभी ठेवून. दुकानदार आपल्या फिल्टरचं कौतुक करी, काका मान डोलावत सगळं ऐकून घेत, आणि मग पिशवीतून बाटली काढून ते हिरवंकाळं, वास मारणारं पाणी सरळ त्याच्या कोऱ्या करकरीत फिल्टरात ओतत.

"आता साफ करून दाव," असं म्हणत आणि नव्या मोबाइलमधलं घड्याळ सुरू करत.

मी काकांचा भाडेकरू. त्यांच्या घराचा वरचा मजला माझ्याकडे, आणि मी शाळेत शिक्षक, म्हणून मी 'मास्तर'. धामणकर नाक्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर हे गाव. कागदावर गाव, बाकी भिवंडीच. काकांच्या भाताच्या खाचरांवर आता पत्र्याची गोदामं उभी होती. काकी वारलेल्या, मुलगा नोकरीसाठी नाशिकला. काकांच्या ताब्यात उरलं होतं ते घर आणि घरामागचं अंगण. जन्मभर चिखलात उभा राहिलेला माणूस कोरड्या फरशीवर किती दिवस बसणार? त्यांनी अंगणात तळं खणलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेइतकं खोल. त्यात लाल, पांढरे, ठिपक्यांचे मासे सोडले आणि गाळण्यासाठी एक निळं पिंप बसवलं. पिंपात खाली खडी, वर फोम.

हे पिंप रोज साफ करावं लागे. काका सकाळी पाटावर बसून, वाकून फोम काढत, पिळत, खडी धूत. तासाभराने हाक येई, "मास्तर, वर ओढा!" त्यांची पाठ धरलेली असे. मी खाली जाऊन, काखेत हात घालून त्यांना उभं करी आणि मग शाळेला पळे. असं तीन वर्षं चाललं. शेवटी मीच म्हणालो, "काका, साफ करायला सोपा असा एखादा फिल्टर घ्या ना."

ती माझी चूक. त्यानंतरचे माझे सहा रविवार काकांना स्कूटरवर मागे बसवून गेले. मध्ये ती बाटली.

नाक्याजवळच्या दुकानातला पहिला फिल्टर तीन स्क्रूंचा निघाला. काकांनी तो हातात घेऊन असा परत ठेवला की जणू गरम तवाच होता. "तीन स्क्रू? एक पान्यात पडनार, एक चिखलात पडनार. तिसरा शोधायला मी मास्तरांना बोलवनार. त्यांना शाला हाय."

दुसऱ्याला क्लिपा होत्या. दुकानदार उत्तर प्रदेशचा, तोंडात पान. काकांची हिंदी त्यांच्या मराठीइतकीच आगरी होती. "भाईजान, खुलता तो हाय. बंद भी होता हाय ना? बंद करके दिखाव." भाईजानने जोर लावला आणि क्लिप तुटून काचेच्या टाकीत पडली. तो म्हणाला, "चाचा, आप फिल्टर लेने आए हो या मेरा इम्तिहान लेने?"

"दोनो," काका म्हणाले.

कल्याणच्या दुकानात खोक्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. "मास्तर, काय लिवलंय?"

"साफ करायला अगदी सोपा, असं लिहिलंय."

"लिवायला लागला?" काकांनी खोकं खाली ठेवलं. "मंग कठीनच आसनार. चला."

त्यांच्या अटी वाढतच गेल्या. फिल्टर ओल्या हातांनी उघडला पाहिजे, बसल्याजागी, न वाकता. हत्यार लागता कामा नये. चष्मा घरात राहिला तरी चाललं पाहिजे. आणि चार मिनिटांच्या वर एक सेकंद नाही, कारण पाचव्या मिनिटाला पाठ धरते. कुणी "एकदम सोप्पा" म्हणालं की काकांचं ठरलेलं वाक्य येई, "सोप्पा बोलू नको. सोप्पा करून दाव."

अखेर ठाण्याला तो सापडला. गोल, काळा, गुडघ्याएवढा डबा, वर एक मूठ. मूठ फिरवायची, की आतला गाळ आपोआप पाइपमधून बाहेर. काकांनी बाटली ओतली. दुकानातल्या मुलीने मूठ फिरवली. पस्तीस सेकंद! काकांनी स्वतः फिरवून पाहिली, डाव्या हाताने फिरवली, डोळे मिटून फिरवली. मग तिला म्हणाले, "बाय, तू पास."

फिल्टर बसवायला आलेल्या माणसाने गाळाचा पाइप पुढच्या गटारात सोडला. आता आठवड्यातून एकदा मूठ फिरवली की काम संपलं. सकाळी हाक येईना. मी चहा शांतपणे पिऊ लागलो.

आता इथे जनाआत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली, घराच्या मागच्या अर्ध्या भागात राहू लागली. दोघांच्या अंगणांमध्ये कमरेइतकी भिंत. तिच्यावरून दिवसभर गप्पा, भांडणं आणि वाट्या जात-येत. पण गेली दोन वर्षं काका आत्यांशी बोलत नव्हते. कारण होता सरपंच.

सरपंच म्हणजे तळ्यातला रोहू. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. बिस्किटं टाकली की सगळ्यांच्या आधी तोंड उघडून हजर आणि एरवी काही काम नाही, म्हणून काकांनी हे नाव ठेवलं होतं. एकदा काका पाठ शेकायला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर दोन दिवस गेले. परत येणार होते त्या दिवशी बाजारात चांगली मासळी नव्हती. भाऊ दमून येणार, त्याला कोरडं जेवण कसं वाढायचं? आत्यांनी जाळं घेतलं. त्यांच्या लहानपणी बापाच्या शेतात तळं होतं, ते खाण्यासाठीच होतं. मासा बघायला पाळतात हे आत्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काकांनी कालवणाची स्तुती केली. दुसरी तुकडी मागून घेतली. डोकं चोखून खाल्लं. मग ढेकर देत, बिस्किटाचा पुडा घेऊन तळ्यापाशी गेले आणि हाका मारू लागले. बराच वेळ हाका मारल्या. मी वरच्या गॅलरीतून बघत होतो. मग त्यांनी हळूच आपला हात हुंगला.

"ताजा होता ना?" भिंतीपलीकडून आत्यांनी कौतुकाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. भिंत डोक्याच्या वर गेली. तळाशी पाणी जायला एक भोक मात्र ठेवलं, नाहीतर अंगण तुंबलं असतं.

त्या भोकातून रोज सकाळी पिंपाचं घाण पाणी आत्यांच्या अंगणात जाई. माशांच्या घाणीचं खत आणि पाणी. तिथे आत्यांनी अळू लावलं होतं. सुपाएवढी पानं. त्यांच्या नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही दोन हंडे, तेव्हा अळवाची सगळी भिस्त या पाण्यावर. हे मला गॅलरीतून दिसायचं. काकांना दिसायचं नाही, कारण भिंत त्यांनीच उंच केली होती.

नवा फिल्टर येऊन तीन आठवडे झाले असतील. मी कपडे वाळत घालत होतो. खालून काकांनी, तळ्याकडे बघतच, विचारलं, "मास्तर, वरून तिकरचा दिसतो का हो?"

"दिसतं की."

"अलू कसा हाय?"

"पिवळं पडलंय. पानं खाली लोंबतायत. आत्या सकाळी त्या भोकापाशी येऊन उभ्या राहतात थोडा वेळ."

काकांनी एक बिस्किट मोडून सगळ्या माशांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "मास्तर, वर ओढा!"

खाली जाऊन बघतो तर काका पाटावर, समोर तेच निळं पिंप, हातात तोच फोम. नव्या फिल्टरवर टॉवेल टाकलेला, पाहुणा झोपलाय असा.

"काका, हे काय?"

"फोम सुकला की फाटतो. वापरात ठेवाया लागतो."

तिसऱ्या दिवशी कारण वेगळं होतं. मासल्यांना जुनाच मानवतो. चौथ्या दिवशी, नवा फिल्टर लाइटवर चालतो आणि लाइटचा काय भरवसा. मी म्हणालो, "अहो, नव्याचा पाइप गटाराऐवजी त्या भोकाकडे वळवला तर? वाकायला नको."

काका माझ्याकडे इतक्या रागाने बघू लागले की मी एक पायरी वर चढलो.

"पाइप टाकला म्हंजे मी दिला," ते म्हणाले. "हा पानी आपला आपन जातो. मी कुनाला काय देत न्हाय."

अबोल्याचे हे बारकावे मला कुठे ठाऊक! मी रोज त्यांना उठवत राहिलो. पाठ मात्र बिघडत चालली. एका सकाळी तर काका पिंपापर्यंत पोचेपर्यंतच नऊ वाजले. सुट्टीचा दिवस होता. आदल्या संध्याकाळी जिन्यात भेटलेल्या आत्यांना मी नव्या फिल्टरबद्दल आणि काकांच्या पाठीबद्दल जरा जास्तच सांगून गेलो होतो. काका कण्हत बसले, फोम पिळला, पाणी भोकाकडे धावलं.

"आज पानी उशिरा आला," भिंतीपलीकडून आवाज आला.

काकांच्या हातातला फोम तसाच राहिला. दोन वर्षांत आत्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या होत्या. मी गॅलरीत मागे सरकलो. मग काका भिंतीला म्हणाले, "पाठ धरलीय."

"मंग वाकतोस कशाला? नवा आनलास ना, मूठवाला?"

"त्याच्यात पानी कमी निघतो."

"कमी तर कमी. मला रोजचा नको. पाइप इकरं टाक. आनि तो पिंप भंगारात दे, मेल्या, मरशील."

काकांनी वर पाहिलं. मी गॅलरीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मास्तर, आता खाली या. ऐकलाव ना सगला?"

मी पाइप गटारातून काढून आणला. काकांनी तो माझ्या हातून घेतला, कसेबसे गुडघ्यावर बसले आणि स्वतः भोकातून पलीकडे सारला. चार बोटं गेल्यावर तो पलीकडून कुणीतरी धरला.

"धरलाय मी. सोड," आत्या म्हणाल्या.

"सोडतो," काका म्हणाले.

आणि मग किती तरी वेळ, मी काखेत हात घालायला वाकून उभा असताना, त्यांनी तो सोडलाच नाही. पलीकडूनही कुणी ओढला नाही.