पाठमोरा मॅनेजर

आमच्या फुटबॉल क्लबाच्या मॅनेजरांनी आयुष्यात एकही गोल पाहिला नव्हता. थट्टा नाही. सामना सुरू झाला की तात्या गुरव मैदानाच्या कडेला एका जांभ्या दगडावर बसायचे, मैदानाकडे पाठ करून आणि समुद्राकडे तोंड करून. पंचाची शिट्टी झाली की पाठ वळली, ती शेवटच्या शिट्टीपर्यंत तशीच. मध्येच ओरडा झाला की ते मान न वळवता विचारायचे, "कोनी मारलान?" कोणीतरी सांगायचं. आपल्यातला असला तर, "बरा केलान." दुसऱ्यांचा असला तर, "म्हाराजाची मर्जी."

ही तीस-बत्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा आमच्या सागर क्लबाचा दबदबा होता. फुटबॉलची फिरती ढाल आमचे अध्यक्ष नानासाहेब वकील यांच्या दिवाणखान्यात अशी काही मुक्कामाला आली होती की ती फिरती आहे हेच लोक विसरले होते. वकिलांच्या मंडळी दर शनिवारी ती चिंच लावून घासत असत. मी क्लबाचा सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी कचेरीत कारकून. मूळचाच काळजीखोर माणूस. सकाळी दूध उतू गेलं तरी माझी संध्याकाळ खराब जाते, आणि अशा माणसाला लोकांनी क्लबाचा सेक्रेटरी केलं होतं.

तात्या आमच्या आळीतल्या देवळाचे गुरव. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही. देवळाला लागून एक खोली आणि पडवी. देवाची पूजा, नैवेद्य, कौल लावणं हे त्यांचं काम. ते मॅनेजर कसे झाले, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. पहिल्या पहिल्या दिवसांत पोरं देवळापुढच्या मोकळ्या जागेत खेळायची. तात्या त्यांना हाकलायला बाहेर आले आणि पाणी पाजून परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाकलायला आले, ते गूळ घेऊनच. पुढे पोरं म्हणायला लागली, तात्या आमचे मॅनेजर. झालं.

क्लबाचा चेंडू तात्यांच्याच ताब्यात असे. पण चामडं देवळात न्यायचं नाही, म्हणून तो अंगणातल्या दीपमाळेला सुंभाने टांगलेला असायचा. परगावचा माणूस दर्शनाला आला की आधी देवाला नमस्कार करायचा आणि मग बुचकळ्यात पडून चेंडूलाही करायचा. तात्या त्यालाही तीर्थ देत.

सामन्याच्या दिवशी सकाळी अकराही पोरांनी पडवीत येऊन पेज प्यायची, हा तात्यांचा कायदा. "पोटात काय हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग देवापुढे गाऱ्हाणं. पोरं रांगेत उभी आणि मिरकरवाड्याची मुसलमान पोरं अंगणात, दीपमाळेपाशी. तात्या हात जोडून सुरू करायचे, "बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा खेळायला चालली हायत. त्यांच्या पायाला बळ दे." सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." अंगणातूनही तेवढ्याच जोराने येई, "व्हय म्हाराजा." "समोरच्यांच्या पायात गोळे येऊ देत." "व्हय म्हाराजा." इथे तात्या अडायचे. जरा विचार करायचे. "गोळे नको. ती पन कोनाची तरी पोरा हायत. नुसता दम लागू दे." "व्हय म्हाराजा."

इथवर सगळं गमतीचं होतं, कारण आम्ही जिंकत होतो. मग हरायला लागलो.

का हरत होतो, ते मला ठाऊक होतं. आमचं मैदान म्हणजे कातळ. वर चार बोटं माती, तीही वाऱ्याने अर्धी उडालेली. अनवाणी खेळणारी पोरं पडली की ढोपरं सोलून निघायची. तात्या प्रत्येक सामन्याआधी पोरांना पडवीत बसवून एकेकाचं ढोपर बघायचे, बोटाने दाबायचे, आणि ज्याची खपली ओली त्याला खेळातून बाहेर बसवायचे. "अजून ओला हाय. तू नको." जो जीव तोडून खेळणार तोच जास्त पडणार, आणि जो पडणार त्याची खपली ओली. म्हणजे आमच्यातले उत्तम खेळाडू बाहेर, आणि आत कोण, तर ज्यांनी अंगाला कधी धूळ लावून घेतली नाही ते. ही निवड करून आम्ही ओळीने सामने हरलो.

पण पालीच्या सामन्याने कडेलोट केला. पाली म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. त्यांचा निम्मा संघ बाजार उरकून खेळायला आला होता. एकाच्या कमरेला अजून कोयता होता, तो पंचांनी काढायला लावला. आमचा सेंटर फॉरवर्ड गणू पावसकर, ज्याच्या जिवावर ढाल आली, तो ढोपर ओलं म्हणून तात्यांशेजारी बसून होता. तात्या त्याच्या ढोपराच्या जखमेला उंडीचं तेल लावत होते. पालीने आम्हाला हरवलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो तर मासेवाली म्हणाली, "काय शेक्रेटरी, आता वांगी घ्या. पालीची हायत." मी बांगडा न घेताच घरी आलो.

आता ढालीच्या सामन्याला घाटावरचा संघ येणार होता. ते बूट घालून खेळायचे. वकिलांनी कमिटी बोलावली. ढालीकडे बघत म्हणाले, "मॅनेजर बदलला पाहिजे." नवा मॅनेजर कोण, यावर वाद नव्हता. मिरकरवाड्याचे हसन तांडेल. उभा जन्म जहाजावर गेलेला, विलायतेच्या बंदरांत खरा फुटबॉल बघितलेला माणूस. प्रश्न एवढाच होता की तात्यांना सांगायचं कोणी. वकिलांनी कोर्टात भल्याभल्यांची बोबडी वळवली होती. ते म्हणाले, "सेक्रेटरीचं काम आहे."

मी गेलो. वाटेत तीन वेगवेगळ्या प्रकारे वाक्य जुळवलं होतं. तात्या पडवीत चेंडूची वादी ओवत बसले होते. "पोटात काय हाय?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत घावन आणि नारळाचा रस पुढे आला. मी दोन घावनं खाल्ली. क्लबाचा विषय काढला आणि हवेवर आणला. पुन्हा काढला आणि वकिलांच्या सांधेदुखीवर आणला. तिसरं घावन वाढता वाढता तात्याच म्हणाले, "मॅनेजर बदलायचा हाय ना?"

मी तोडलेला तुकडा परत ताटात ठेवला.

"मग त्यात लाजायचा काय? म्हाराजाला इचारूया. कौल लावूया."

मी ही बातमी नेली तेव्हा वकिलांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे जमिनीचा वाद असो, सोयरीक असो, मनाचा निवाडा होईना की देवाला कौल लावायचा. देवाच्या छातीवर उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली आधी पडते ते बघायचं. त्याला नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पण कौल लावणार गुरव, आणि गुरव म्हणजे तात्या. "आरोपीच न्यायाधीश," वकील म्हणाले. "ढाल गेली म्हणून समजा." मला मात्र दुसरीच काळजी पडली होती. देवाने खरंच "मॅनेजर बदला" म्हणून सांगितलं, तर हा माणूस उद्या सकाळी पेज कोणासाठी शिजवणार?

सोमवारी सकाळी सगळे जमले. हसन तांडेल अंगणात दीपमाळेपाशी टोपी हातात घेऊन उभे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे देवान हां म्हटलान तरच मी करीन. नायतर तात्याची जागा मला नको." ते ऐकून वकिलांना राग आला.

तात्यांनी देवाला स्नान घातलं, पाकळ्या चिकटवल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "बा म्हाराजा, क्लब हरतोय. लेकरांचा मन लागत नाय. मॅनेजर बदलायचा असंल तर उजवा दे. हाय तोच ठेवायचा असंल तर डावा दे." "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. एरवी खणखणीत येणारा तो आवाज त्या दिवशी कसाबसा निघाला.

आणि मग तात्या वळले. देवाकडे पाठ केली आणि दाराबाहेर बघत उभे राहिले. "शेक्रेटरी, तुमी बघा आनि सांगा."

असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. कौल लावणाऱ्याने देवाकडे पाठ करायची म्हणजे काय? मी पुढे झालो. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. समईची ज्योत हलली तरी मला पाकळी हलल्यासारखी वाटायची. डावी पडली तर ढाल जाते, उजवी पडली तर तात्या जातात. मी आजवर देवाकडे पुष्कळ काही मागितलं आहे, पण काय मागू तेच कळेना असं त्या दिवशी एकदाच झालं. वकील मागून पुटपुटत होते आणि त्यांचाही रोख बदलला होता. "जरा डावी हलतेय का हो?" ते म्हणाले.

उजवी पडली.

"कोनता?" तात्यांनी विचारलं. अगदी मैदानावर विचारतात तसंच.

"उजवा, तात्या."

"बरा केलान," तात्या म्हणाले. ते अंगणात गेले, दीपमाळेवरचा चेंडू सोडला आणि पंपासकट हसन तांडेलांच्या हातात दिला. "वादी नवी हाय. जरा घट्ट लागंल," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन निर्माल्य गोळा करायला लागले. वकील मला म्हणाले, "यावर अपील नसतं का?" तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडलो.

ढालीच्या सामन्याच्या दिवशी मी पहाटेच उठलो. तांडेल पोरांना कुठे जमवणार, काय खायला घालणार, काही ठाऊक नव्हतं. जहाजावरचा माणूस, पाव आणि अंडी म्हणेल असं वाटलं. शोधत शोधत गेलो, तर अकरा पोरं तात्यांच्या पडवीत पेज पीत होती आणि तांडेल अंगणात बसून बशीने पीत होते. "माझा कायदा पन तोच हाय," ते म्हणाले. तात्यांनी मात्र त्या दिवशी कोणाचं ढोपर बघितलं नाही. गणूने सवयीने पाय पुढे केला होता, तो त्याने हळूच मागे घेतला.

मैदानावर घाटावरच्यांचे बूट कातळावर खडखडत होते. शिट्टी झाली आणि बघतो तो तात्या माझ्या शेजारी. दगडावर नाही. उभे, आणि तोंड मैदानाकडे.

"तात्या, तुम्ही?"

"आता मी कोन? बघनारा मानूस. बघनाऱ्यान बघावा."

मग ते बघायला लागले, आणि मला सामना सोडून त्यांच्याकडेच बघावंसं वाटू लागलं. "हा गणू एवढा पळतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पहिल्यापासून. थोड्या वेळाने माझा दंड धरून म्हणाले, "शेक्रेटरी, आपल्या इसाकनं हातानं धरलान. पंचानं बघितला नाय वाटता." मी सांगितलं की इसाक गोलकीपर आहे आणि त्याला हाताने धरायची मुभा असते. तात्यांनी इसाककडे पुन्हा एकदा निरखून बघितलं. "चांगला हाय हा खेळ," शेवटी म्हणाले.

सामना संपत आला तरी कोणाचाच गोल नव्हता. बरोबरी म्हणजे पुन्हा सामना, आणि पुन्हा सामना म्हणजे माझी पुन्हा हीच अवस्था. तेवढ्यात गणू चेंडू घेऊन निघाला आणि एका बुटाने त्याला आडवा केला. तो कातळावर घसरत गेला. त्याचं ढोपर जमिनीवर घासल्याचा आवाज मला आल्यासारखा वाटला. मी शेजारी बघितलं. तात्यांनी डोळे मिटले होते. मग ते हळूहळू वळले आणि समुद्राकडे तोंड करून मटकन खाली बसले.

मी वाकून म्हटलं, "तात्या, आता तुम्ही मॅनेजर नाही."

"ताच मनाला सांगितला," ते म्हणाले. "म्हटलं, आता पोरा तांडेलाची. आता बघवंल." त्यांनी मान हलवली. "नाय बघवत."

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या पाठीला हसत होतो. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि मागे एकदम मैदान उठलं. टोप्या उडाल्या. वकील धोतर सावरत नाचत होते. ढाल राहणार होती.

"कोनी मारलान?" तात्यांनी विचारलं.

"गणूनं."

"बरा केलान." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आनि ढोपार?"

सगळं मैदान गोलाकडे बघत होतं. मी पहिल्यांदाच गणूच्या ढोपराकडे बघितलं. रक्त पार घोट्यापर्यंत आलं होतं आणि पोरगं हसत होतं.

"रक्त आहे, पण उभा आहे," मी सांगितलं.

तात्यांनी कनवटीची उंडीच्या तेलाची बाटली काढली, दोन्ही हातांत धरली आणि तसेच पाठमोरे, शेवटच्या शिट्टीची वाट बघत बसून राहिले.