आधी बायोस!

ऑफिसात नव्या प्रोसेसरचा खोका आला की पेडणेकर त्यावर आपली छत्री आडवी ठेवतो. "आधी बायोस! मग हात लावा."

बायोस म्हणजे मदरबोर्डातला प्रोसेसर ओळखणारा प्रोग्राम. आमच्या सर्व्हरच्या बोर्डांना पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालतो, पण जुना बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचा. नाहीतर बोर्ड नव्याला ओळखच दाखवत नाही. हे मला पेडणेकरने इतक्यांदा ऐकवलंय की माझ्या बायकोलाही पाठ झालंय. कुठल्या बोर्डाला कुठला प्रोसेसर चालतो त्याची सपोर्ट लिस्ट त्याने चक्क लॅमिनेट करून घेतलेली. कॅन्टीनवाल्याने नवीन भाजी केली तरी हा विचारणार, "लिस्टमध्ये आहे का?" डोकं उठवतो माणूस!

गेल्या महिन्यात श्वेता नेमकं बायोसचंच विसरली. दिवा स्टेशनहून लोकलने येणारी पोर, नोकरीला तीन महिने झालेले, घरात कमावणारी एकटी. एका पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरमध्ये तिने सरळ नवा प्रोसेसर बसवला, जुना भंगारवाल्याला देऊन मोकळी. सकाळी बघतो तर स्क्रीन काळी ठिक्कर. साहेब म्हणाले, "चारपर्यंत चालू झाला नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं, पेडणेकर आता तिला सोलून काढणार. पण तो एवढंच म्हणाला, "रडू नको गं. जा, तोंड धुऊन ये." आणि कोपरला घरी गेला. अडीच-तीन तासांनी, दोनच्या सुमारास आला तो रुमालात गुंडाळलेला जुना प्रोसेसर घेऊन. तो बसवला, बायोस अपडेट केला, मग नवा बसवला. स्क्रीन उजळली.

साहेबांना म्हणतो कसा, "मीच सांगितलेलं तिला, डायरेक्ट बसव म्हणून." अरे देवा! हे वाक्य, आणि पेडणेकरच्या तोंडी?

"प्रोसेसर आणलास कुठून रे?" मी विचारलं.

"घरच्या मशीनमधला. बोर्ड तसाच आहे. संध्याकाळी परत बसवीन."

"मग तोंड का पाडलंयस? जेवून घे ना."

तो मोबाईल उलटसुलट करत बसला. "गावच्या घरात कॅमेरा लावलाय. त्या मशीनवरून मोबाईलवर दिसतं, आज ते बंद. आई एकटी असते तिकडे. तिला ऐकू येत नाही, फोन करून काय बोलणार? एक वाजता ती जेवायला बसते, तेव्हाच मी इथे डबा उघडून बसतो. जेवायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवते रोज."

मी माझा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"आजही हलवला असेल," पेडणेकर म्हणाला.