गिरधारीशेठचा समुद्र

"समिंदराच्या पाण्याला न्हाई काठ, न्हाई माप,
मापात कोंडी त्याच्या डोई जीवाचं गं पाप..."

लहानपणी घरी दळणाला येणाऱ्या तुळजाबाईचा हा आवाज जात्याच्या घरघरीसकट गिरधारीशेठच्या कानात कुठंतरी निजून होता. तो जागा झाला थेट पन्नाशीत, नव्या जालन्याच्या स्टेशनावर उतरताना. कारण शेठच्या कडेवर लोणच्याची काचेची बरणी होती, आणि बरणीत समुद्रातला मासा होता.

शेठ सरकीच्या सौद्याला मुंबईला गेले होते. किनाऱ्यावर एकानं बोटाएवढा, मोरपंखी पट्ट्यांचा मासा दाखवून म्हटलं, "अस्सल दर्याचा हाय, शेठ. तुमी नाय घेतला, तर रात्री तळून खाईन." शेठचं जैन काळीज लटकन हललं. मासा घेतला, आणि जालन्यात पाय ठेवताच त्यांनी जैन स्थानकात साधुमहाराजांपुढे हात जोडले, "पुढल्या खेपेला ह्याला दर्यात सोडीन. तोवर मला तूप बंद. मधी मेला, तर पाप माझ्या डोक्यावर."

घरी पोचताच मासा वर आला, "आ" केला आणि खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा वर, पुन्हा "आ". शेठ हादरले.

"अगं, गुदमरून राह्यलाय तो! बरणी लहान पडली त्याला!"

त्यांच्या बायकोनं, चंदनबाईंनी घंगाळ दिलं. "पाणी बदलशील तवा मीठ टाकत जा बरं," शेठ म्हणाले. "दर्याचा जीव हाये. मीठमसाल्याचा अंदाज तुझा, मी हात लावत न्हाई." चंदनबाईंनी मान हलवली. माशानं घंगाळातही "आ" केला.

मग नरहर मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर शाळेत शास्त्र शिकवत. समुद्र त्यांनी नकाशात निळा पाहिला होता.

"शेठजी, हत्ती कोणी मोरीत बांधतं का? ज्याचं घर दर्या, त्याला घंगाळ?"

"मंग रांजण?"

"रांजण गोल. फिरून फिरून चक्कर येईल त्याला."

शेठना हे बराबर पटलं. कानात तुळजाबाईचं जातं फिरू लागलं आणि त्यांची नजर अंगणातल्या हौदावर गेली.

"हौदात?" चंदनबाई दचकल्या. "मंग आपण अंघोळी कुठं करायच्या?"

"शेजारच्या लाडबाईकडं. आन मास्तर, मीठ किती लागंल?"

"पोतंभर तरी."

दुकानातून मिठाचं पोतं आलं. "तूच ओत," शेठ म्हणाले. चंदनबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

त्या दिवसापासून घरादाराची वरात बादल्या घेऊन भिंतीपलीकडे निघू लागली. "काय गं चंदन," लाडबाई ओरडायच्या, "अंगणात समिंदर, आन तू माझ्या मोरीत?" म्हैस हौदाकडे वळली की शेठ पागोटं सावरत आडवे धावत. अंबड-घनसावंगीकडून माणसं समुद्राच्या दर्शनाला येऊ लागली. एका म्हातारीनं तर भक्तिभावानं हौदात नारळ सोडला. तो माशाच्या शेपटीजवळ धबकन पडला आणि इकडे शेठच खाली बसले.

मासा मात्र अजून वर येऊन "आ" करतच होता. बिनतुपाच्या भाकरीनं वाळलेले शेठ हौदाभोवती येरझारा घालत. "भिंत पाडू. हौद विहिरीला जोडू."

एवढ्यात मुंबईची खेप ठरली. सोबतीला घनसावंगीहून व्याही किशनलाल आले, ते उन्हातून तहानेनं कासावीस होऊन. हाक मारायलाही न थांबता त्यांनी तांब्यावर गळणं धरलं, हौदातलं पाणी गाळून घेतलं आणि घटाघटा प्यायले.

बरणी घेऊन बाहेर आलेले शेठ किंचाळले, "व्याहीबुवा! थुका! पोतंभर मीठ हाये त्यात!"

"मीठ?" किशनलाल मिशा पुसत म्हणाले. "बिलकुल गोड पानी हाये की!"

निरोपाला आलेल्या मास्तरांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. शेठ हौदाच्या काठावर बसले. आत जीव असलेलं पाणी म्हणून त्यांनी त्याला कधी ओठ लावले नव्हते.

"समुद्र गोड झाला..." ते पुटपुटले.

"चमत्कार!" म्हणत भिंतीवरून डोकावणाऱ्या लाडबाई कुंकवाचा करंडा आणायला पळाल्या.

"माझ्या तपाचं फळ!" शेठच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्यांनी बरणी बुडवून मासा अलगद आत घेतला. "चला, टांगा आल्ता मघाच. जल्दी! आता दर्यात सोडला की सुटलो."

"सोडू नका," उंबऱ्यातून चंदनबाई म्हणाल्या. "मरंल तो."

सगळे वळले.

"चिमूटभर मीठ टाकलं न्हाई मी. घंगाळात न्हाई, हौदात न्हाई. पोतं गाद्यांमागं हाये. त्यो गोड्या पाण्यावरच जगून राह्यलाय. दर्यात टाकाल तर तुमचं व्रत तुमच्याच हातानं बुडंल."

बरणीत मासा वर आला आणि त्यानं "आ" केला. शेठनीही केला. त्यातून शब्द निघाला, "पण... का?"

चंदनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी येचावं लागतं, अशी माय सांगायची. तुमच्या ताटातलं सांडलं तरी मी भिऊन येचून घेते. आन हितं तुम्ही पोतं ओत म्हणालात. पाण्यात विरघळलेलं मीठ पापण्यांनी कसं येचायचं, तेवढं सांगा!"