तीन डगल्यांचा उमेदवार

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभ्या म्हाताऱ्यांना आत जागा द्या, चहाचे कटोरे भरून घ्या आणि जरा कान इकडे द्या. आमच्या कारा-बुलाक गावच्या एशिमची गोष्ट सांगतो. माणसाची अब्रू देवाच्या हाती असते असं आपण रोज म्हणतो. पण त्या दिवशी एशिमची अब्रू त्याच्या पाठीवर होती, आणि तीही तीन पदरी.

एशिम गावाहून तालुक्याला जाणारी लहान गाडी चालवतो. माणूस लोण्यासारखा. कुणी हात केला की गाडी थांबणार. कुणी म्हणालं, "एशिम, एवढी मेंढी घे रे मांडीवर," की मेंढी गाडीत येणार. 'नाही' हा शब्द देवानं त्याच्या तोंडात घालायचा राहूनच गेला होता. असा माणूस ग्रामसभेच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा गावाला प्रश्न पडला, की याला हवंय तरी काय?

हवं होतं ते एवढंच. गावचं सार्वजनिक न्हाणीघर बॉयलर फुटल्यापासून बंद होतं. दाराला कुलूप, आत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या सभांचे फलक. एशिमची म्हातारी आई, सालकिनआपा, गुडघ्यांनी जेरीला आली होती. थंडीत घरातल्या परातीत बसवून न्हाऊ घालायचं, तर एक बाजू भाजायची आणि दुसरी गारठायची. पण तिचं खरं दुःख वेगळंच होतं. ती म्हणायची, "पोरा, पूर्वी बायकांच्या दिवशी आम्ही सगळ्याजणी वाफेत बसून पोटभर हसायचो. आता भेटतो त्या फक्त मयतीला. तिथं हसायचं कसं?"

हे वाक्य एशिमच्या काळजात रुतून बसलं होतं. पण भर सभेत, चार पुरुषांपुढं, आपल्या आईच्या अंघोळीबद्दल बोलायचं? या विचारानंच त्याची कानशिलं तापायची. त्याला 'पहाट' पक्षाकडून उभं केलं होतं कादिर गुरुजींनी. ज्यांनी लहानपणी कान पिळून पाढे शिकवले, त्यांना तो काय नाही म्हणणार! गुरुजींनीही बजावलं होतं, "न्हाणीघर काय घेऊन बसलास? लोक हसतील. तू विकास म्हण. विकास म्हटलं की कुणी हसत नाही."

तर त्या रविवारी दुपारी गावच्या सभागृहात उमेदवाराला प्रश्न विचारायची सभा होती. गुरुजींनी त्याच्या अंगावर आधीच मानाचा डगला चढवला होता. चांगला कापूस भरलेला, गुडघ्याखाली येणारा, काळा मखमली, पाठीवर सोनेरी धाग्यानं उगवता सूर्य. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. वडीलधाऱ्यानं डगला चढवला की नाकारायचा नाही, आणि त्याच्या डोळ्यांदेखत काढायचा तर नाहीच नाही. काढला, की त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखंच. मग भले उन्हाळा का असेना.

सभेच्या आधी मामाकडे समारंभ होता. मामांचा नातू उभा राहू लागला होता. पोराची चाल मोकळी व्हावी म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या पायांना बांधलेली काळी-पांढरी दोरी कापायची होती.

"सभा आहे गं आपा, उशीर होईल," एशिम म्हणाला.

"मामाच्या घरी भाचा नाही म्हणजे माझं माहेर तुटलं समज," सालकिनआपा म्हणाली. एशिम गेला.

दोरी कापली, पोर चार पावलं टाकून आजीच्या ओटीत पडलं, सगळ्यांनी कौतुक केलं. एशिम उठायला लागला, तोच दोरोनबेक मामांनी त्याचा दंड धरला. मामा 'डोंगर' पक्षाचे जुने खंदे.

"भाच्या, माझ्या दारातून मोकळ्या अंगानं जाशील?"

"मामा, मोकळं कुठंय अंग? डगला आहे की."

"तो परक्याचा. हा मामाचा!" आणि मामांनी काळा मखमली डगला त्याच्या डगल्यावरूनच चढवला. बायांनी आशीर्वाद दिले, म्हाताऱ्यांनी तोंडावरून हात फिरवून आमीन म्हटलं. एशिमनं मान वळवून पाठीकडे बघितलं. सोनेरी डोंगर! तिन्ही पक्षांनी डगले शिवायला टाकले होते गावातल्या एकाच शिवणारणीकडे; पुढून सगळे सारखे, फरक काय तो पाठीवर.

बाहेर पडतो न पडतो तोच रस्त्यात मेहुणा भेटला. बायकोचा थोरला भाऊ, ताश्तान. 'एकजूट' पक्षाचा प्रचारप्रमुख. मामांनी डगला चढवल्याची बातमी एशिमच्या आधी त्याच्याकडे पोचली होती.

"काय दाजी! मामानं मान केला, आणि आम्ही मुलीकडचे म्हणजे काय मेलो होतो? गावात माझ्या बहिणीनं तोंड कुठं दाखवायचं?"

"ताश्तानभाऊ, पाया पडतो. ऊन बघा केवढं आहे."

"मानाला ऊन लागत नाही," ताश्तान म्हणाला आणि भर रस्त्यात, चार लोकांच्या साक्षीनं, तिसरा डगला चढला. पाठीवर सोनेरी धाग्यात दोन हातांची घट्ट पकड.

एशिम घरी आला तेव्हा दारात मावत नव्हता. त्याची बायको बुरूल आधी हसली, मग पाठ बघून मटकन खाली बसली.

"अहो, हे तिघंही आज पहिल्या रांगेत असणार!"

"तेच तर. वरचे दोन काढून ठेवू?"

"माझ्या भावाचा काढाल? काढून बघा!" मग तिलाच दया आली. "असं करा. पुढून सगळे सारखेच दिसतात ना? मग पाठ कुणाला दाखवूच नका. भिंतीला टेकून राहा. नाहीतरी वडीलधाऱ्यांना पाठ दाखवणं वाईटच."

सभागृहाचं छप्पर पत्र्याचं. आत गाव खच्चून भरलेलं. एशिम दारातून शिरला आणि भिंतीला पाठ घासत, खेकड्यासारखा आडवा आडवा मंचाकडे निघाला. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! पांढऱ्या दाढीचे मोल्दोकुलबाबा अध्यक्षस्थानी होते, ते शेजाऱ्याला म्हणालेसुद्धा, "बघ, पाठ वळवत नाही पोरगा. अशी रीत आता राहिली नाही."

पहिल्या रांगेत गुरुजी, मामा आणि मेहुणा. तिघांनीही त्याच्या अंगावरची काळी मखमल बघितली आणि तिघंही आपापल्या मनाशी खूश झाले.

एशिम विकासाबद्दल बोलू लागला. रस्ता म्हणाला, पारदर्शकता म्हणाला. कपाळावरून घाम ओघळला, मग मानेवरून, मग बाह्यांतून. पांढरी, दाबलेल्या लोकरीची टोपी भिजून कानांवर उतरली.

तेवढ्यात मागून झेयनेप उठली. गावचं दूध गोळा करून एशिमच्याच गाडीतून ती तालुक्याला नेते. तिची जीभ म्हणजे नुकती धार लावलेली कात्री.

"एशिम, रस्त्याचं राहू दे. मागल्या खेपेला ज्याला निवडून दिला, तो महिन्याभरात दुसऱ्या पक्षात गेला. पुन्हा तोंड दिसलं नाही. तू कुणाचा आहेस ते सांग."

"मी... म्हणजे तसा मी सगळ्यांचाच," एशिम म्हणाला.

"सगळ्यांचा तो कुणाचाच नाही. आणि इतका घामाघूम का झालास? खोटं बोलणाऱ्याला घाम येतो."

"उकडतंय गं."

"मग काढ की डगला!"

"काढतोय कशाला?" पहिल्या रांगेतून तिघं एकदमच ओरडले, आणि मग चमकून एकमेकांकडे बघू लागले.

झेयनेपच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "एशिम, जरा पाठ फिरव बरं."

एशिमनं बुरूलकडे बघितलं. तिनं पदर तोंडावर घेतला होता. नाही म्हणता येत असतं तर तो वाचला असता. पण येत नव्हतं. तो वळला.

"एकजूट!" ताश्तान टाळ्या पिटत उठला. "आमचे दाजी!"

"आणि माझा डगला?" मामा गरजले. "विकलास काय?"

"नाही हो मामा, आत आहे," म्हणत एशिमनं वरच्या डगल्याची मागची बाजू उचलून धरली. डोंगर दिसला. कादिर गुरुजींचा चष्माच घसरला. "एशिम! माझा सूर्य?"

"आहे गुरुजी, त्याच्याही आत आहे!" त्यानं आणखी एक पदर वर केला. आता कमरेपाशी दोन्ही हातांनी दोन डगले उचलून, वाकून, सभेकडे पाठ करून उभा असलेला उमेदवार गावानं कधी बघितला नव्हता. सभागृह हसून हसून लोळायला आलं. मागच्या बाकावर कुणीतरी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा, घोट समोरच्याच्या मानेवर उडवला.

झेयनेप मात्र हसली नाही. "ज्यानं तीन घातले तो उद्या चौथाही घालेल. आम्ही मत कुणाला द्यायचं? शिवणारणीला?"

हे त्याला लागलं. एशिम वळला. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, पत्रा डोक्यावर उतरतोय असं वाटत होतं. विकास, रस्ता, पारदर्शकता सगळं घामाबरोबर वाहून गेलं, आणि आत जे होतं तेवढंच उरलं.

"घालीन!" तो ओरडला. "वडिलांनी घातला तर चौथाही घालीन. मला नाही म्हणता येत नाही, हे माझं व्यंग आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण मला न्हाणीघर हवंय! बॉयलर हवाय! माझ्या आईला आणि तुमच्या आयांना मयतीशिवाय भेटायला जागा उरली नाही, ती हवीय! मला कोणत्याही पक्षाचा डगला चढवा, पण न्हाणीघर नको असं माझ्या तोंडून वदवून दाखवा!"

कुणी हसलं नाही. गुरुजी सांगत होते ते खोटं ठरलं. मागच्या बाकांवर म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतली एक डोळे पुसू लागली, मग दुसरी. आणि सालकिनआपाचा आवाज आला, "बोललास एकदाचा, मेल्या! मला वाटलं, विकासातच विरघळून जातोस."

पण तिढा सुटला नव्हता. मामा लालबुंद, मेहुणा तावातावानं उभा, गुरुजी काठी आपटताहेत. तेव्हा मोल्दोकुलबाबांनी हात वर केला.

"दोरोनबेक, हा डगला तू भाच्याला घातलास, का मताला?"

मामा अडकले. मानाचा डगला मतासाठी घातला असं भर गावात कोण म्हणेल? ते पुटपुटले, "भाच्याला घातला. मामा आहे मी."

"ताश्तान, तू?"

"बहिणीच्या... म्हणजे घरच्या मानापोटी, बाबा."

"आणि कादिर, तुम्ही?"

गुरुजींनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "विद्यार्थी आहे माझा," ते शेवटी म्हणाले.

"मग झालं तर. या पोराच्या अंगावर पक्ष एकही नाही. मामा आहे, सासुरवाडी आहे आणि शाळा आहे. ज्याला एवढी माणसं ओझ्यासकट पेलतात, त्याला बॉयलर पेलेल. आता तिघंही उठा आणि आपापल्या हातांनी डगले उतरवा, नाहीतर आज न्हाणीघराच्या आधी मयतच काढावी लागेल."

तिघं उठले. आमच्या गावात तिन्ही पक्षांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. झेयनेपनं दुधाच्या बरणीतलं थंड ताक पुढं केलं आणि म्हणाली, "पी. मत देईन. पण डोळा ठेवीन."

'पहाट'वाल्यांनी एशिमला पक्षात ठेवायचं की काढायचं यावर इतका खल केला, की तोवर मतदान उरकलंसुद्धा. एशिम निवडून आला. झेयनेपही आली, तिला उभी राहायला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. दोघांनी तालुक्याच्या साहेबांना इतकं भंडावलं, की एशिमला 'नाही' म्हणता येत नाही तसं झेयनेपला 'नाही' ऐकून घेता येत नाही, हे त्यांना चांगलंच कळलं. पहिलं बर्फ पडायच्या आत बॉयलर आला.

पहिला दिवस बायकांचा. म्हाताऱ्यांना घरी पोचवायला एशिम गाडी घेऊन बाहेर थांबला होता. धुराड्यातून धूर निघत होता, आणि भिंतीपलीकडून हसण्याचा असा काही लोट आला, की गाडीच्या काचा थरथरल्या म्हणतात. त्यात आपल्या आईचं हसणं त्यानं ओळखलं. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि देवाचं नाव घेतलं.

पुढं त्या हिवाळ्यात ग्रामसभेच्या कचेरीतली शेगडी धुमसायला लागली, तेव्हा सदस्यांची बैठक पुरुषांच्या दिवशी न्हाणीघरातच भरू लागली. कमरेला पंचा, अंगाला साबण, डोळ्यांपुढं वाफ. तिथं कोण कुठल्या पक्षाचा हे ओळखायची सोयच नव्हती, त्यामुळे ठराव भराभर मंजूर व्हायचे. झेयनेप बाहेर बर्फात खिडकीखाली उभी राहून ओरडायची, "मोठ्यानं वाचा रे! आणि शेवटचा ठराव पुन्हा वाचा, मला पटला नाही!" शेवटी तिच्यासाठी कचेरीची शेगडी झटपट दुरुस्त करावी लागली.

सालकिनआपा पुढं एका वसंतात गेली. सकाळी न्हाऊन आली होती, केस विंचरले होते, मैत्रिणीचा कसलासा किस्सा सुनेला सांगता सांगता दुपारी डोळा लागला तो लागलाच. मंडळी, चहा आता निवला असेल. उठायच्या आधी एवढं करा. थंडीच्या दिवसांत ऊन पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्याल, तेव्हा आमच्या सालकिनआपाची क्षणभर आठवण काढा, आणि जमलं तर मोठ्यानं हसा.